पोटोमॅककाठची पाने

२२ जुलै १८७९ रोजी चार्ल्स डार्विनने आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर याला एक पत्र लिहिले. सपुष्प वनस्पतींचा झपाट्याने झालेला विस्तार हे त्यात त्याने एक भयंकर कोडे मानले होते. उत्क्रांती पावलापावलाने होते, असे तो सांगत होता. आणि खडकांत मात्र ही झाडे एकाएकी, तीही थेट आजच्या रूपात अवतरल्यासारखी दिसत होती.

मंडळी, आपल्यापैकी जे बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरात राहतात, त्यांच्या पायाखालीच या कोड्याचा एक दुवा दडलेला आहे. तिथून व्हर्जिनियापर्यंत वाळूचे आणि चिकणमातीचे थर पसरले आहेत. डायनोसॉरच्या काळात, सुमारे १२ ते १० कोटी वर्षांपूर्वी, नद्यांनी आणून टाकलेला हा गाळ. त्यात पानांचे ठसे विपुल सापडतात.

१८८९ साली विल्यम फाँटेन यांनी या ठशांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळची रीत अशी, की चेहरा जुळला की आडनाव देऊन टाकायचे! एका पानाला त्यांनी 'फायकोफायलम' म्हटले, म्हणजे वड-उंबराच्या जातीसारखे पान. पण अशा नावांचा परिणाम काय झाला? आजचीच झाडे तेव्हाही होती असा समज पक्का झाला. डार्विनचे कोडे निसर्गाइतकेच या नामकरणानेही अवघड केले होते.

१९७०च्या दशकात जेम्स डॉयल आणि लिओ हिकी यांनी निराळी वाट धरली. पुस्तकात ठेवलेल्या पिंपळपानाची जाळी आपण सर्वांनी पाहिली आहे. तशी शिरांची जाळी त्यांनी प्रत्येक ठशात बारकाईने तपासली. शिवाय त्याच थरांतील परागकण पाहून थरांचा क्रम ठरवला. १९७७ साली त्यांचा संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. तळच्या थरांतली पाने साधी, बहुतेक लहान, त्यांच्या शिरा वेड्यावाकड्या, देठ कुठे संपतो आणि पान कुठे सुरू होते तेही धड कळू नये अशी. वरच्या थरांत खंडित पाने, संयुक्त पाने आणि शिस्तबद्ध शिरा. परागकणही तसेच: आधी एका खाचेचे, मग तीन खाचांचे. दोन साक्षीदारांची जबानी जुळली. विस्तार झपाट्याचा खरा, पण पायरीपायरीने झालेला.

शिरांना एवढे महत्त्व का? कारण शिरा म्हणजे पानाचे नळ. नळ दाट असले तर पाणी भरपूर मिळते, पर्णरंध्रे मोकळी राहतात आणि अन्न जास्त तयार होते. इतर वनस्पतींच्या पानात दर चौरस मिलिमीटरला सरासरी सुमारे २ मिलिमीटर लांबीच्या शिरा असतात, सपुष्प वनस्पतींत सुमारे ८. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जीवाश्मांच्या मोजमापांत, आरंभीच्या सपुष्प पानांत ही दाटी कमीच होती व पुढे वाढत गेली, असे आढळले.

कोडे पूर्ण सुटलेले नाही. इस्रायलमध्ये सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचे परागकण मिळाले आहेत, म्हणजे मूळ त्याहून जुने. पण तांदूळ, ज्वारी, आंबा, तूर, कापूस ही सारी त्याच घराण्याची मंडळी. त्यांच्या पूर्वजांचे पहिले चाचपडणे पोटोमॅकच्या चिकणमातीने जपून ठेवले आहे.