नांगर होडीला, तसं सायकलला काय? मुलांना समसंबंध शिकवताना



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी शेडमध्ये पसरलेली, आणि शाळा सुटली की पोरंही तिथेच. गेल्या बंदीत आम्ही जाळी दुरुस्त करत होतो. सातवीतला एक मुलगा बाजूला पुस्तक उघडून बसलेला. तोंड पडलेलं. शाळेच्या चाचणीत ‘समसंबंध’ या भागातले त्याचे बरेच प्रश्न चुकले होते. आमच्यातल्या एकाने त्याला सहज विचारलं, “होडीला जसा नांगर, तसं सायकलला काय?”

आम्हा मोठ्यांच्या मनात उत्तर होतं ‘ब्रेक’. पोरगा म्हणाला, “स्टँड.”

आम्ही हसलो. मग विचारलं, का रे? तो म्हणाला, “चालत्या होडीतून नांगर कोण टाकतो? होडी थांबली की टाकतात, ती तिथेच राहावी म्हणून. स्टँडचं पण तसंच ना?”

आमचं हसू तिथेच थांबलं. त्याचं बरोबर होतं. ज्या मुलाला एवढं कळतं, त्याचे पुस्तकातले प्रश्न का चुकतात, हे आम्ही त्यानंतर नीट बघितलं. ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहोत.

*समसंबंध म्हणजे काय?*

दोन शब्दांत जे नातं आहे, तेच नातं दुसऱ्या दोन शब्दांत शोधायचं. नाती अनेक प्रकारची असतात. परीक्षेत वारंवार येणारा एक प्रकार म्हणजे वस्तू आणि तिचं काम. उदाहरणार्थ:

सुई : शिवणे :: पेन : ?
उत्तर: लिहिणे.

सुईने शिवतात, पेनाने लिहितात. एवढंच. पण पर्यायांत ‘शाई’, ‘वही’, ‘शाळा’ असे शब्दही असतात, आणि मूल तिथे फसतं. पेन म्हटलं की शाई आठवतेच. बरोबर आठवणारा शब्द आणि तेच नातं असलेला शब्द, या दोन वेगळ्या गोष्टी. पुस्तकातल्या मुलाच्या चुका बहुतेक अशाच होत्या.

*लहान मुलांना हे जमतं का?*

पूर्वी मोठे मानसशास्त्रज्ञसुद्धा म्हणत की नाही. झाँ पियाजे यांचं मत होतं की असा विचार अकरा-बारा वर्षांच्या आसपासच नीट येतो. पुढे १९९० च्या सुमारास उषा गोस्वामी आणि अ‍ॅन ब्राउन या दोघी संशोधकांनी लहान मुलांना चित्रं दाखवून हेच विचारलं. पक्ष्याला घरटं, तसं कुत्र्याला काय? पर्यायांत कुत्र्याचं घर होतं आणि हाडूकही होतं. कुत्रा म्हटलं की हाडूक आठवणारच. तरी चार-पाच वर्षांच्या बऱ्याच मुलांनी कुत्र्याचं घर निवडलं. त्यांचं म्हणणं असं की वस्तू आणि त्यांचं नातं ओळखीचं असेल, तर लहान मूलही असा विचार करू शकतं.

आपल्या पोरांच्या बाबतीत मुद्दा हाच आहे. पुस्तकात स्टेथोस्कोप, होकायंत्र, तापमापी असे शब्द येतात. वस्तूच कधी हातात घेतली नसेल, तर ती काय करते हे मूल कुठून सांगणार? मग ‘याला बुद्धिमत्तेचे प्रश्न जमत नाहीत’ असा शिक्का बसतो. म्हणून सुरुवात आपल्या वस्तूंपासून करा.

*एक वाक्य करायला लावा*

आम्ही त्या मुलाला एकच सवय लावली. उत्तर शोधण्याआधी पहिल्या जोडीचं वाक्य तोंडाने बोलायचं. मग त्याच वाक्यात दुसरी जोडी बसवायची. हे बघा:

वल्हे : होडी :: ? : सायकल
पर्याय: घंटा, पेडल, हँडल, स्टँड

मूल म्हणालं, ‘वल्हे हे होडीचं असतं’, तर चारही पर्याय बसतात. म्हणजे वाक्य सैल झालं. आता विचारा, वल्ह्याने होतं काय? ‘वल्हे मारलं की होडी पुढे जाते.’ हे वाक्य सायकलला लावा. पेडल मारलं की सायकल पुढे जाते. एकच उत्तर उरलं.

पर्याय तेच ठेवून पहिली जोडी बदला. सुकाणू : होडी. सुकाणूने होडी वळते, म्हणून उत्तर हँडल. नंतर नांगर : होडी. आता उत्तर स्टँड. चार शब्द तेच, पण काम बदललं की उत्तर बदललं. हे एकदा मुलाच्या लक्षात आलं की अर्धं काम झालं.

लक्षात ठेवायच्या आणखी तीन गोष्टी:

१. क्रम उलटा करू नका. पहिल्या जोडीत आधी वस्तू आणि मग काम असेल, तर दुसऱ्या जोडीतही तसंच हवं. ‘जाळे : पकडणे’ असेल तर ‘टोपली : वाहून नेणे’. ‘वाहून नेणे : टोपली’ नाही.

२. कशाचं आहे आणि कशासाठी आहे, यात गल्लत नको. टोपली बांबूची असते, पण ती बांबूसाठी नसते. बर्फ पाण्याचा असतो, पण आपण तो मासळी ताजी राहावी म्हणून घालतो.

३. एका शब्दाचे दोन अर्थ असतील तर दुसरी जोडी बघा. ‘नांगर : जमीन :: करवत : ?’ असा प्रश्न आला, तर आपल्या पोराच्या डोळ्यांसमोर होडीचा नांगर येणार. करवत लाकूड कापते, मग इथला नांगर जमीन फाडणारा, म्हणजे शेतकऱ्याचा. उत्तर लाकूड.

घरचा शब्दही तोडू नका. मूल ‘आदोळी’ म्हणालं तर आधी आदोळीचं काम सांगू दे, नंतर सांगा की पुस्तकात हिला विळी म्हणतात. काम कळलेलं असलं की नवीन नाव लगेच बसतं.

*याचा उपयोग कुठे?*

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते, जिला एनएमएमएस म्हणतात. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न ३.५ लाखांपेक्षा जास्त नसलेल्या घरांतल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली आणि पुढच्या इयत्तांतल्या अटी पाळल्या, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. तिच्यातल्या बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्न असतात आणि समसंबंध हा तिथला नेहमीचा प्रकार. आपल्यातल्या कितीतरी घरांसाठी ही रक्कम लहान नाही.

पण फक्त परीक्षेसाठी नको. रात्री जेवताना दहा मिनिटं पुरतात. तुम्ही एक जोडी द्या, मुलाने दुसरी करावी. मग मुलाला प्रश्न घालू दे आणि उत्तर तुम्ही द्या. तुम्ही चुकलात तर त्याला जास्त मजा येते.

शेवटी आमची एकच विनंती. उत्तर वेगळं आलं तर लगेच ‘चूक’ म्हणू नका. आधी विचारा, ‘तुझं वाक्य काय?’ वाक्य सैल असेल तर आवळायला मदत करा. वाक्य पक्कं असेल तर शाबासकी द्या, आणि मग सांगा की परीक्षेत दिलेल्या पर्यायांतच बसणारं वाक्य शोधायचं असतं. पर्यायांत स्टँड नसून ब्रेक असेल, तर ‘जागेवर धरून ठेवतो’ याऐवजी ‘पुढे जाऊ देत नाही’ असं वाक्य करायचं. आम्ही त्या दिवशी ‘का रे?’ असं विचारलं नसतं, तर तो पोरगा आणखी एक उत्तर चुकलं असं समजून घरी गेला असता.

तुमच्या घरच्या मुलांनी केलेल्या जोड्या आम्हाला जरूर कळवा. जाळं, पाग, गरी, रापण, काहीही चालेल. चांगल्या जोड्या शेडमधल्या फळ्यावर लिहू.