मातीचा कानोसा

खोपट म्हणजे गवताकुडाची झोपडी. ठाण्यातल्या आमच्या खोपटात आता एस.टी.चे आगार, इमारती आणि डांबर. इथे 'माती बोलते, ऐका' असे कोणी म्हटले, तर लोक त्याला वेड्यात काढतील. शास्त्रज्ञ मात्र नेमके हेच ऐकू लागले आहेत.

डॉक्टर छातीला नळी लावतात, तशी ही मंडळी जमिनीत धातूची सळई रोवून तिला कंपने टिपणारे यंत्र जोडतात. गांडूळ सरकले, किडा चालला, की बारीक टिकटिक, खरखर उमटते. गोंगाट आड येऊ नये म्हणून कधी बादलीभर माती आवाजबंद पेटीतही ठेवतात. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या जेक रॉबिन्सन व सहकाऱ्यांना २०२४ साली असे आढळले, की झाडे लावून सुधारलेल्या जमिनीत आवाजांची विविधता अधिक; उजाड जमिनीत कमी.

आपल्या शेतकऱ्याला २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तीत नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब अशा १२ गोष्टींची नोंद असते. मातीतल्या जिवांची मोजदाद मात्र नसते. कानोशाने खताची मात्रा कळणार नाही. पण या घरात कोणी राहते की नाही, एवढे नक्की कळेल.

खोपटातही झाडांच्या आळ्यांपुरती माती उरली आहे. तिच्यावर फरशी घालण्याचा ठराव सोसायटीत येईल तेव्हा, वाचकहो, एवढे ध्यानात असू द्या : खाली बिऱ्हाडे आहेत.