ट्रॅक्टरच्या क्लचची व गिअरबॉक्सची निगा

ज्या शेतकऱ्यांच्या दारीं ट्रॅक्टर आहे, ते इंजिनाची काळजी बहुधा घेतात. सकाळीं ऑईल पाहतात, रेडिएटरांत पाणी भरतात, हवेचा फिल्टर झाडतात. कारण इंजिन बिघडलें कीं तें तत्काळ कळतें. परंतु इंजिनाची शक्ति मागील चाकांपर्यंत पोंचविणारे क्लच व गिअरबॉक्स हे बंद पेटींत असल्यामुळें डोळ्यांआड राहतात, आणि डोळ्यांआड असलेल्या वस्तूचा विसर पडतो. हा विसर पैशापेक्षां वेळेच्या हिशेबानें अधिक महाग पडतो. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर जमिनीचा वाफसा टिकतो तो मोजके दिवस. त्याच दिवसांत ट्रॅक्टर मिस्त्रीच्या अंगणांत दोन तुकडे होऊन पडला, तर हुकलेली पेरणी कोणत्याहि दुरुस्तीनें परत येत नाहीं. यास्तव या भागाची निगा कशी ठेवावी, बिघाडाची पूर्वसूचना कशी ओळखावी व दुरुस्ती केव्हां करून घ्यावी, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

प्रथम या यंत्रणेवर केवढा भार पडतो तें पाहूं. नांगरट करतांना इंजिनाचे फेरे मिनिटास २००० धरले, ट्रॅक्टरचा वेग ताशीं ४ किलोमीटर धरला व मागील चाकाचा घेर सव्वाचार मीटर धरला, तर तें चाक मिनिटास अवघे १५-१६ फेरे घेतें. म्हणजे फेरे सव्वाशें पटींनीं कमी होतात आणि, घर्षणांत जाणारा अंश वगळतां, पीळ देणारा जोर जवळजवळ तितक्याच पटींनीं वाढतो. हा सर्व जोर थोड्याशा दांत्यांवरून पुढें जातो. त्या दांत्यांमध्यें तेलाचा पातळ थर आहे, तोंवर पोलाद पोलादास घांसत नाहीं. थर तुटला कीं झीज सुरू झालीच. बैलगाडीच्या आंसास वंगण घातल्यावांचून कोणी लांबच्या बाजारास निघत नसे. तोच न्याय येथेंहि लागू आहे.

तेलाची पातळी पाहतांना ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून इंजिन बंद ठेवावें व कांहीं मिनिटें थांबावें. तेल कमी असणें जसें वाईट, तसेंच प्रमाणाबाहेर भरणेंहि वाईट. कारण जादा तेल तापतें, फेंसाळतें व सील फोडून बाहेर येतें. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचें तेल सुमारें १००० तासांनीं बदलावयाचें असतें. तथापि आपल्या ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेंतील आंकडा हाच प्रमाण मानावा. तेल गरम असतांना काढलें म्हणजे गाळहि त्याबरोबर निघून जातो.

तेलाची जात निवडतांना विशेष सावध असावें. १९४६ सालीं इंग्लंडांत निघालेल्या फर्ग्युसन टी-ई-२० या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शिअल व हायड्रॉलिक या तिहींस एकच तेल होतें, आणि आजहि कित्येक ट्रॅक्टरांची रचना तशीच आहे. ज्यांचे ब्रेक तेलांत बुडालेले असतात, त्यांत भलतेंच गिअर ऑईल घातल्यास ब्रेक किंचाळतात व त्यांची पकड जाते. शिवाय गिअर ऑईलवरील ९० हा आंकडा व इंजिन ऑईलवरील ४० हा आंकडा हे निराळ्या मापांचे आहेत. त्यांची परस्परांशीं तुलना करूं नये.

काढलेलें तेल फेंकण्यापूर्वीं नीट पाहावें. बुचाच्या लोहचुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणें स्वाभाविक आहे. टोंकदार तुकडे मिळाले, तर दांता किंवा बेअरिंग फुटल्याचा संशय घ्यावा. तेल दूध घातलेल्या चहासारखें दिसलें, तर आंत पाणी शिरलें आहे. कोंकणांत व भंडारा-गोंदियाकडे भाताच्या खाचरांत चिखलणी करणाऱ्यांनीं ही परीक्षा पावसाळ्यांत वरचेवर करावी.

क्लचचें मरण बहुतेक वेळां चालकाच्या डाव्या पायांत असतें. पेडलवर पाय टेंकून ट्रॅक्टर चालविला कीं प्लेट अर्धवट सुटते, घसरते व जळते. उसाच्या भरल्या ट्रॉल्या चढावर हाफ क्लचवर धरून ठेवण्याची चाल याहून घातक आहे. पेडलला सुरुवातीस थोडी मोकळी चाल असली पाहिजे. प्लेट झिजत जाते तसतशी ती चाल कमी होते, म्हणून ती वेळोवेळीं मोजून पुस्तिकेप्रमाणें बसवावी.

आतां पूर्वसूचना. इंजिन जोरानें फिरतें पण ट्रॅक्टर ओढीत नाहीं, तर क्लच घसरतो आहे. पेडल पूर्ण दाबूनहि गिअर करकरत पडतो, तर क्लच पुरता सुटत नाहीं. अशा वेळीं गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीं पेडलची चाल तपासावी. पेडल दाबतांच आवाज येऊं लागला, तर रिलीज बेअरिंगकडे पाहावें. न्यूट्रलमध्यें येणारा आवाज पेडल दाबल्यावर थांबला, तर गिअरबॉक्सच्या पुढील शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. एखादाच गिअर निसटत असेल, तर त्याची अडकण धरणारी स्प्रिंग, फोर्क किंवा दांते झिजलेले असतात. खांदा आलेल्या बैलास आपण औतास जुंपीत नाहीं. मग कुरकुरणाऱ्या गिअरबॉक्सकडून हंगाम रेटून घेण्यांत शहाणपण तें कोणतें?

क्लच प्लेट बदलण्यास बहुतेक ट्रॅक्टरांचे दोन भाग करावे लागतात. हें काम शेतांत करूं नये. त्यास भक्कम टेंकू, सपाट जागा व स्वच्छता लागते. मजुरीचा मोठा भाग या उघडण्यांतच जातो. यास्तव प्लेटबरोबरच रिलीज बेअरिंग, ऑईल सील व फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासून घ्यावा. झिजलेल्या गिअरशीं नवा गिअर जोडूं नये, जोडी बदलावी. हें सर्व रब्बीचें काम उरकल्यावर चैत्र-वैशाखांतच करून घ्यावें.

शेवटची गोष्ट पैशाची नसून जिवाची आहे. डिझेल वांचविण्याच्या लोभानें कित्येक चालक उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्यें सोडतात. त्या क्षणीं इंजिनाचा आवर नाहींसा होतो, मागील भार पुढें लोटूं लागतो, आणि वेग वाढल्यावर गिअर पुन्हां पडेलच असा भरंवसा नसतो. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा व उतार संपेपर्यंत क्लच दाबूं नये. ट्रॅक्टर चालविणारा आपला मुलगा असो वा सालगडी, त्यास हा नियम पहिल्या दिवशीं सांगणें हें मालकाचें कर्तव्य होय. वांचलेलें डिझेल पुन्हां विकत घेतां येतें. गेलेला माणूस घेतां येत नाहीं.