घरचंच तर आहे!

दिवाळीच्या दोन महिने आधीपासून ‘फराळाच्या ऑर्डर घेणे सुरू’ असे स्टेटस झळकायला लागतात. हाताला चव आहे, स्वयंपाकघर आहे, तर करून बघू, इतक्या सहज हा धंदा सुरू होतो. गंमत अशी, की त्यात उतरणारे भलत्याच गोष्टींना घाबरतात आणि जिथे घाबरायला हवं तिथे निर्धास्त असतात.

पहिली धास्ती कागदपत्रांची. ‘घरून विकायचं तर परवाना कशाला?’ म्हणणारे आणि ‘परवान्यात हजारो रुपये जातात’ म्हणणारे, दोघंही चुकतात. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात घरगुती विक्रीला सूट नाही. मात्र छोट्या उलाढालीला पूर्ण परवाना लागत नाही, एफएसएसएआयची साधी नोंदणी पुरते. ती ऑनलाइन होते, 14 अंकी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. छोट्या उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी तर सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. एजंट जे घेतो ते त्याचं स्वतःचं.

दुसरी धास्ती जीएसटीची. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. डबे पुरवणं ही सेवा धरली जाते, तिथे मर्यादा 20 लाख. मेख वेगळीच आहे: पुण्यात तळलेली चकली बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला विकली, तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. 2025 मध्ये त्याच बेंगळुरूत यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या आणि अनेकांनी घाबरून क्यूआर कोड काढून टाकले. पण कर ठरतो तो विक्री किती झाली यावर. पैसे रोख आले की मोबाइलवर, याने फरक पडत नाही.

मुद्रा योजनेचे पैसे परत करावे लागत नाहीत, हाही एक लाडका समज. ते कर्जच आहे. ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, व्याजासकट फेडावं लागतं.

आता जिथे खरोखर पैसे बुडतात ते. ‘साहित्याला 210 लागले, चकली 450 रुपये किलोने गेली, 240 सुटले.’ हे आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेबाची पद्धत घरोघरी हीच. यात गॅस कुठे आहे? घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं मुळात बेकायदा, व्यावसायिक घ्यावा लागतो. धरा 20 रुपये. डबा आणि लेबल 25. मोडक्या चकल्या गिऱ्हाईक घेत नाही, त्या घरातच खपतात, त्यांचे 15. पोचवण्याचे 30. उरले 150. आता भाजणी भाजण्यापासून डबा बंद करेपर्यंत किलोमागे दीड तास गेला, आणि त्या कामाला बाई ठेवली असती तर तिने तासाला 100 मागितले असते. झाले दीडशे. म्हणजे मजुरी निघाली, धंद्याला काहीच उरलं नाही. ‘माझे कष्ट काय, घरचेच’ म्हणणाऱ्या बाईंची ऑर्डर दुप्पट झाली, की मदतनीस ठेवायला पैसे नसतात आणि पुढच्या दिवाळीला स्टेटस दिसत नाही.

भांडवल लागतच नाही, याला दाखला दिला जातो लिज्जतचा. 1959 मध्ये मुंबईत गिरगावात 7 जणींनी 80 रुपयांत पापड लाटायला घेतले, हे खरं. पण ते 80 रुपये उसने होते, आणि माल घ्यायला भुलेश्वरचा एक व्यापारी तयार होता. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक जरा हलका आणि स्वस्त. ते पैसे उसने देणाऱ्या छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड नको. 80 रुपयांची गोष्ट सांगताना हा भाग हमखास गळतो.

नोकरी सांभाळून करणाऱ्यांसाठी एक सूचना: राज्य सरकारी कर्मचाऱ्याला 1979 च्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही.

राहिला शेवटचा समज: ओळखीच्यांकडे आगाऊ पैसे मागणं वाईट दिसतं. मंडपवाला विसार घेतो, आचारीही घेतो आणि कुणाला राग येत नाही. फराळाचीही निम्मी रक्कम ऑर्डर लिहून घेतानाच मागावी, म्हणजे भाजणीचं सामान आपल्या खिशातून भरावं लागत नाही.