स्वित्झर्लंड सोडून कोरडवाहूत आलेला माणूस

सौंदडहून राष्ट्रीय महामार्ग 53 धरून पूर्वेला निघा. कोहमारा, देवरी आणि मग छत्तीसगडची हद्द. धान खरेदीच्या दिवसांत तिथे त्या राज्याचे तपासणी नाके लागतात. तिकडचं सरकार धानाला क्विंटलमागे 3100 रुपये देतं, म्हणून परराज्यातला कट्टा आत शिरू द्यायचा नाही. इकडे 2025-26 चा हमीभाव 2369 रुपये. बोनस जाहीर झाला तर तो वेगळा. माती एक, रोवणी एक, मध्ये फक्त सरकारी रेष!

या रेषेवरच ज्यांनी आयुष्यभर बोट ठेवलं, ते शरद जोशी. जन्म साताऱ्याचा, 3 सप्टेंबर 1935 चा. शिक्षण वाणिज्याचं, नोकरी टपाल खात्यात, पुढे स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जागतिक टपाल संघात. ती सोडून ते परतले आणि चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली. मेहनत केली, पीक आलं, हिशेब मात्र तोट्याचाच. शेतकरी आळशी किंवा अडाणी आहे म्हणून गरीब नाही, त्याला गरीब ठेवणं हे धोरणच आहे, हा त्यांचा निष्कर्ष. 1979 मध्ये शेतकरी संघटना, 1980 मध्ये कांदा आणि उसाची आंदोलनं. घोषणा साधी: भीक नको, हवे घामाचे दाम.

उणे सबसिडी. ‘शेतकऱ्याला केवढं अनुदान मिळतं!’ असं शहरात सर्रास ऐकू येतं. जोशी साहेब उलटं सांगायचे: निर्यातबंदी, लेव्ही आणि साठ्यावरच्या मर्यादा लावून भाव पाडले जातात, आणि असं हिरावलेलं धन अनुदानापेक्षा जास्त भरतं. पुढे भारत सरकारनेच जागतिक व्यापार संघटनेला दिलेल्या आकड्यांत पिकांना मिळणारा आधार उणे निघाला. मला हा त्यांचा सगळ्यात मोठा विजय वाटतो.

डंकेलला ‘या’ म्हणणारा शेतकरी नेता. नव्वदीच्या सुरुवातीला बहुतेक शेतकरी नेते जागतिक व्यापार कराराच्या मसुद्यावर, म्हणजे डंकेल प्रस्तावावर, तुटून पडले होते. जोशींनी त्याला पाठिंबा दिला. बाजार खुला हवा, बियाणं आणि तंत्रज्ञान निवडायची मोकळीक हवी, सरकारने वाटेतून बाजूला व्हावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांच्या मापाने तपासणी नाकाही चूक आणि मतांसाठी ठरवलेला भावही चूक. बारदाना नाही म्हणून थांबलेलं खरेदी केंद्र आणि महिनोन्‌महिने अडकलेले चुकारे पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

समाजवादाची शपथ नको. 1989 पासून पक्षनोंदणीसाठी समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. 1994 मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि ही अट नाकारली. पुढे राज्यसभेत गेल्यावर ती काढण्यासाठी खासगी विधेयकही आणलं.

186 विरुद्ध 1. 9 मार्च 2010 रोजी महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत मंजूर झालं. विरोधातलं एकमेव मत शरद जोशींचं! आणि हेच ते जोशी, ज्यांनी नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला लाखांवर शेतकरी बायाबापड्यांचं अधिवेशन भरवलं होतं. त्यांचा विरोध स्त्रियांना नव्हता. राखीव मतदारसंघ फिरते ठेवायच्या पद्धतीला होता.

स्त्रियांसाठी त्यांनी निवडलेला मार्ग होता मालकीचा: लक्ष्मीमुक्ती. पुरुषांनी स्वखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी हे करून दाखवलं. पुढे 1992 मध्ये राज्य सरकारनेही परिपत्रक काढलं: नवऱ्याने अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागू शकतं.

आपल्या झाडीपट्टीत रोवणी बायकांच्याच हातची, पण सातबाऱ्यावर नाव मात्र बहुतेक घरी पुरुषाचं. तेव्हा भाऊ, यंदा धानाच्या नोंदणीसाठी सातबारा काढाल, तेव्हा मालकाच्या रकान्यात घरच्या बाईचं नाव आहे का, तेवढं पाहा. नसेल तर अर्ज तहसीलदाराकडे करायचा असतो.