स्मिथ म्हणजे लोहार

नांगराच्या फाळाची धार गेली, की आपण लोहाराकडे जातो. लोहार भाता चालवतो, लोखंड लाल करतो, ऐरणीवर ठेवतो आणि घणाचे घाव घालतो. पूर्वी इंग्लंडच्या खेड्यातही असेच चाले. तिकडे लोहाराला 'स्मिथ' म्हणत. फाळ, विळे, खिळे, घोड्याचे नाल, सारे तोच घडवी.

त्या काळी तिकडच्या साध्या माणसांना आडनाव नसे. एका गावात चार जॉन असले, की पंचाईत व्हायची. मग लोक विचारत, "कोणता जॉन? शिंपी, की लोहार?" लोहार असला, तर तो जॉन स्मिथ. शिंपी असला, तर जॉन टेलर. कुंभाराला पॉटर म्हणत आणि पिठाची चक्की चालवणाऱ्याला मिलर. पण हे नाव त्या माणसापुरतेच असे. मुलाने दुसरा धंदा धरला, तर त्याला दुसरे नाव पडे.

मग आडनाव कायमचे कसे झाले? १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढे हळूहळू जमीन, वारसा आणि कर यांचे लिखाण वाढले. १३७९ साली राजाने माणसांवर कर बसवला. त्याच्या याद्यांत खेड्यांतल्या माणसांचीही नावे आली. बापाचे आडनाव मुलाला लागू लागले. सुमारे १४०० सालापर्यंत बहुतेक इंग्रज घरांना आडनाव चिकटले. बाप लोहार, मुलगा शिंपी, नातू शिपाई. आडनाव मात्र स्मिथच!

शेजारच्या स्कॉटलंडातही हे नाव आहे. तिथे १७२३ साली जन्मलेल्या अ‍ॅडम स्मिथने घण उचलला नाही, लेखणी उचलली. देशाची संपत्ती कशी वाढते, यावर त्याने १७७६ साली मोठा ग्रंथ छापला.

लोहार गावोगाव होते. म्हणून आज इंग्लंडात स्मिथ हेच आडनाव सर्वांत जास्त आहे. पण सारे स्मिथ काही एकमेकांचे भाऊबंद नव्हेत.

आणखी एक गोष्ट. त्या याद्या लिहिल्या कारकुनांनी. त्यांना जसे ऐकू आले, तसे त्यांनी लिहिले. कुणाचे स्मिथ झाले, कुणाचे स्माइथ. ज्याचे नाव, त्या बिचाऱ्याला बहुधा वाचताच येत नव्हते. चूक दाखवणार कशी?

तुम्हाला आता वाचता येते. सातबाऱ्यावरचे, शिधापत्रिकेवरचे आपले नाव स्वतः वाचून पाहा. चुकले असेल, तर दुरुस्त करून घ्या. नाव आपले आहे, ते नीटच लिहिलेले हवे.