परदेशात विमान चालवायचे, पण परवाना कोणाचा?

कामगाराच्या घरातला मुलगा पायलट झाला तर साऱ्या वस्तीची मान उंच होते. गोंदियाजवळ बिरसीला आणि बारामतीला विमान चालवायला शिकवण्याची सोय झाल्यापासून हे स्वप्न आपल्या मुलामुलींच्या नजरेच्या टप्प्यात आले. खर्च मात्र ५० लाखांच्या आसपास जातो. कुणी घर गहाण ठेवतो, कुणी बापाचा फंड मोडतो. पुढे नोकरी लागली तरी तिची खात्री नाही. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, गो फर्स्टची विमाने मे २०२३ मध्ये जमिनीवर आली. दोन्ही वेळा अनुभवी वैमानिक रातोरात घरी बसले. मग घरात विषय निघतो, "कॅनडाला जा. तिकडे पगार मोठा, मुलांचे शिक्षण चांगले."

जाणाऱ्याला आम्ही अडवणार नाही. जावे, जरूर जावे. परंतु काय बरोबर जाते आणि काय इथेच राहते, याचा हिशेब निघण्यापूर्वी मांडला पाहिजे. वैमानिकाचे कौशल्य त्याच्याबरोबर जाते. त्याचा परवाना मात्र जसाच्या तसा जात नाही.

शेपटीजवळची अक्षरे

विमानतळावर गेलात तर विमानाच्या शेपटीजवळ पाहा. भारतीय विमानावर 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होणारी खूण असते. ती त्या विमानाची नोंदणी. कॅनडाच्या विमानाची खूण 'सी'ने सुरू होते. १९४४ साली शिकागो येथे देशादेशांत हवाई वाहतुकीचा करार झाला. त्यात ठरले की विमान ज्या देशात नोंदलेले असेल, त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकाकडे असला पाहिजे. आज १९३ देश या व्यवस्थेत आहेत. म्हणून आपला वैमानिक 'व्हीटी'चे विमान टोरांटोपर्यंत नेऊ शकतो. तेच टोरांटोतले 'सी'चे विमान त्याला त्या परवान्यावर चालवता येत नाही. यात कुणाचा अपमान नाही. आपली परिचारिका परदेशात गेली तर तिलाही नव्याने नोंदणी करावी लागतेच.

आधी काम करण्याचा हक्क

पहिली पायरी परवान्याची नव्हे, तर त्या देशात राहून काम करण्याच्या हक्काची आहे. कॅनडातील विमान कंपन्यांच्या जाहिरातींत ही अट बहुधा असतेच. जानेवारी २०१५ पासून तिथे 'एक्स्प्रेस एंट्री' नावाची पद्धत आहे. वय, शिक्षण, इंग्रजी किंवा फ्रेंच भाषा आणि कामाचा अनुभव यांना गुण देतात.

इथे वैमानिकाची दोन ठिकाणी अडचण होते. वयाचे पूर्ण गुण २० ते २९ वर्षांपर्यंतच मिळतात. तिशीपासून ते घटतात आणि ४५ व्या वर्षी शून्य होतात. विमानाच्या धंद्यात ४५ म्हणजे ऐन उमेदीतला कॅप्टन! दुसरी अडचण शिक्षणाची. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी पुरते. त्यामुळे पुष्कळ मुलांकडे पदवीच नसते आणि तिकडे पदवीला गुण असतात. म्हणून मुलगा विमान शिकत असतानाच त्याला पदवीही पूर्ण करायला लावा. कोणती पदवी तिकडच्या मूल्यमापनात चालते, ते मात्र प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या.

आमच्या भगिनींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. जोडीदाराचे शिक्षण आणि भाषाही गुणांत धरतात. एवढेच नव्हे, तर पत्नीचे गुण अधिक होत असतील तर मुख्य अर्ज तिच्या नावाने करता येतो आणि वैमानिक नवरा तिच्याबरोबर जाऊ शकतो. तेव्हा सुनेचे शिक्षण अर्धवट सोडवून मुलाच्या परदेशाचे बेत आखू नका. कदाचित तिच्याच कागदांवर सारे घर पलीकडे जाईल.

मग परवाना

कॅनडात परवाना देते ते 'ट्रान्सपोर्ट कॅनडा' हे सरकारी खाते. त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडून पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करावी लागते. आपल्या परवान्याची खातरजमा ते आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून करून घेतात. मग लेखी परीक्षा. मोठ्या विमानाच्या परवान्यासाठी हवामान, रेडिओ साधने यांचा एक पेपर, कायदे व विमानाचे संचालन यांचा दुसरा, आणि केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या पात्रतेचा वेगळा पेपर. शेवटी परीक्षकाला बरोबर घेऊन प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी. या परवान्याला किमान १५०० तासांचे उड्डाण लागते. दिलासा असा की इकडे उडालेले तास वाया जात नाहीत, ते मोजले जातात. मात्र ते लॉगबुकात नीट लिहिलेले आणि प्रमाणित केलेले हवेत. कंपनी चालू आहे तोवरच ते काम करून घ्यावे.

"वीस वर्षे विमान चालवले, आता पुन्हा परीक्षा कशाला?" असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर आहे. १० मार्च १९८९ रोजी कॅनडातील ड्रायडन गावी एका विमानाने पंखांवर बर्फ असतानाच उड्डाण केले. ते लगेच जंगलात कोसळले आणि २४ माणसे मेली. त्याची मोठी न्यायालयीन चौकशी झाली. पंखांवर बर्फ चिकटलेला असताना उड्डाण करायचे नाही, हा नियम तिथे आज फार कडक आहे. नागपूरच्या उन्हात किंवा मुंबईच्या पावसात तयार झालेला वैमानिक कितीही हुशार असो, बर्फाची विद्या त्याला नव्याने शिकावीच लागते.

मग खुर्ची

परवाना हाती आला म्हणजे नोकरी लागली असे नाही. रेल्वेत, महापालिकेत राबलेल्या आमच्या वाचकांना ज्येष्ठता यादी म्हणजे काय हे सांगायला नको. कॅनडा आणि अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांत तीच चालते. ज्या तारखेला कंपनीत आलात, तिथून तुमचा नंबर. भारतात दहा हजार तास उडालेला कॅप्टनही सर्वांत शेवटचा सहवैमानिक म्हणून यादीत लागतो. कॅप्टनची खुर्ची, चांगली पाळी, सणाची सुटी सारे नंबराप्रमाणे. मंदी आली की कपातही खालूनच सुरू होते.

ज्यांचे तास कमी, त्यांची वाट बहुधा उत्तरेकडून जाते. कॅनडाच्या उत्तर भागात कित्येक वस्त्यांना बारमाही रस्ता नाही. वाणसामान, टपाल, आजारी माणूस सारे छोट्या विमानानेच जाते. तिथल्या कंपन्या नव्या पायलटला कधी कधी आधी जमिनीवर सामान चढवायला लावतात. उणे तीस अंश थंडीत विमानाची इंजिने गरम ठेवायला लावतात. मग सहवैमानिकाची खुर्ची देतात. श्रमाची लाज न वाटणाऱ्या घरातल्या मुलांना हे जड जाऊ नये. पण आधी माहीत असले म्हणजे मन मोडत नाही.

दुसऱ्या वाटा

आखाती कंपन्या अनुभवी वैमानिकाला थेट घेतात, घर आणि मुलांच्या शाळेचा खर्च देतात. तिथे राहण्याची परवानगी मात्र नोकरीला बांधलेली असते. २०२० च्या कोरोना साथीत तिथे वैमानिकांची कपात झाली. तेव्हा नोकरी गेली आणि पाठोपाठ त्या देशातला मुक्कामही. अमेरिकेत २०१३ पासून प्रवासी कंपनीच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तास आणि २३ वर्षे वय लागते. शिवाय तिथे काम करण्याचा कायमचा हक्क नसला तर दार क्वचितच उघडते.

घरातल्यांनी काय पाहावे

वाचकहो, ही पायऱ्यांची वाट आहे आणि क्रम चुकला की पैसा बुडतो. आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, कारण तिथे अडले तर पुढचा खर्चच नको. मग राहण्याच्या हक्काचा अर्ज. तो मार्गी लागेपर्यंत इथली नोकरी सोडू नका. कंपन्या विचारतात, "गेल्या बारा महिन्यांत किती तास उडालात?" घरी बसलेल्याचा तो आकडा दर महिन्याला घसरतो. २०१७ च्या सरकारी आदेशाने राजीनाम्यानंतर सहवैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष थांबणे बंधनकारक केले, तेही गणितात धरा. तिकडे गेल्यावर परीक्षा, चाचणी आणि पहिली नोकरी यांत वर्ष सहज जाऊ शकते. तेवढा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते हाताशी ठेवा.

"परवाना बदलून देतो, नोकरीचे पत्र आणून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नका. परवाना सरकारी खाते देते, आणि ते परीक्षा घेऊनच देते. नियम बदलत असतात. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी त्या खात्याची ताजी माहिती स्वतः वाचा. इंग्रजी कळत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. आईबापांनी विचारायला लाजू नये. घर गहाण पडते ते त्यांचे, आणि म्हणून कागद पाहण्याचा पहिला हक्कही त्यांचाच आहे.